पायरीवरचं शेवाळ

बाळ्या,

तुझा फोन बंद लागतोय, म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर लावून परत हॉस्पिटलात चालले. आई घसरून पडली. मनगट मोडलंय, बाकी ठीक आहे.

आज तेवढा स्विमिंग पूल साफ कर. तू एवढं एकच काम अंगावर घेतलं होतंस आणि उद्या बघू, परवा बघू करत पाणी पार हिरवंगार करून ठेवलंस. आधी भिंती आणि पायऱ्या ब्रशने खसाखसा घास. नुसतं क्लोरीन ओतून मोकळा होऊ नकोस, घासल्याशिवाय शेवाळ हटत नाही. क्लोरीन ऊन उतरल्यावर टाक आणि पंप रात्रभर चालू ठेव. सकाळी पाणी दुधाळ दिसेल, ते मेलेलं शेवाळ. तळाशी बसलं की ओढून काढ, मग फिल्टर धू. गुडघ्याच्या व्यायामासाठी आईला पुन्हा त्याच पाण्यात चालायचंय. भांडायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

आणि हो, डॉक्टर, नर्स, शेजारच्या काकू, सगळ्यांना ती सांगतेय की बाथरूममध्ये पाय घसरला. तिला पूलच्या पायरीवरून उचललं मी. गाऊन मागून हिरवा झाला होता, तरी माझ्या तोंडावरही तेच सांगते. आपल्या शेंडेफळाला कुणी बोल लावू नये, दुसरं काय!

तुलाही ती हेच सांगेल. गुपचूप मान डोलाव. फक्त बाथरूम रोज मी घासते, याची तिला आठवण करून देऊ नकोस.

ताई