दत्तू भावोजींची थुंकी

अहो,

देवापुढे दिवा लावलाय, अशा वेळी मनात विष नसावं. पण आज आहे, आणि ते तुमच्याशिवाय सांगू कोणाला? तुमच्या धाकट्या भावाला, दत्तू भावोजींना, आज टीबी निघाला.

संप फिसकटला आणि गिरणीनं थुंकी तपासून माणसं परत घेतली, ते आठवतं? खोकत होते ते, आणि त्यांच्या डबीत थुंकलात तुम्ही! वर मलाच म्हणालात, "जाऊ दे गं, भाऊ आहे. कामाला लागला की औषध घेईल."

घेतलं? थोडे दिवस गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं, सोडल्या; अर्धवट औषधानं जंतू मात्र निगरगट्ट झाले. लालबागच्या ह्या एका खोलीत त्यांचं अंथरूण तुमच्या शेजारी. इतकं कसं हो भोळं असावं माणसानं?

मग तुम्ही खोकायला लागलात. तपासायला दिलेल्या थुंकीचा निकाल आठवड्यामागून आठवडे येईचना. दिलेल्या गोळ्या तुम्हाला लागूच पडत नव्हत्या, हा कागद हातात पडला तो तुमच्या तेराव्याला. भावोजी तेव्हा पंगतीत भात वाढत होते.

इतकी वर्षं गप्प राहिले मी. परवापासून पुन्हा तोच खोकला.

"काय नाय वैनी, गिरणीचा कापूस बसलाय छातीत."

"गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला, तुमचा कापूस अजून संपत नाही?"

हाताला धरून दवाखान्यात नेलं. डबी घेऊन गॅलरीच्या टोकाला निघाले, मी मागोमाग.

"वैनी, इथं पण?"

"इथंच. ह्या वेळी थुंकी तुमचीच पाहिजे."

त्यांचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही!

आता एक यंत्र आलंय. थुंकीतल्या जंतूंची जनुकंच ओळखतं. जंतू थोडे असले तरी सापडतात, आणि मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळतं. दोन तासांत, अहो! बाकावर माझा जप पुरा होतोय तोवर सिस्टरनी हाक मारली. टीबी आहे. मुख्य गोळी लागू नाही. अगदी तुमच्यासारखंच.

मोठ्यानं वाचून दाखवलं मी त्यांना. रडले. म्हणाले, "मरू दे मला, वैनी."

एवढ्यावर सुटायचं होतं त्यांना!

शब्द देते तुम्हाला. मरू देणार नाही मी त्यांना. अशा टीबीवर आता वेगळ्या गोळ्या मिळतात. रोज सकाळी तुमच्या फोटोसमोर बसवून एकेक गोळी गिळायला लावीन, उलट्या झाल्या तरी. ठणठणीत बरे करीन. तुम्हाला मिळाली नाहीत ती सगळी वर्षं त्यांना जगायला लावीन, माझ्या नजरेसमोर.

तुमचीच,
सुमन