राखणदाराचं शेवाळ

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा. उरणहून माणगाव, तिथून म्हसळा, आणि पुढे नूतनताईंच्या स्कूटीवर मागे बसून, मांडीवर मासळीचे तीन रिकामे थर्माकोलचे खोके घेऊन. वाटेत एक खोका वाऱ्याने उडाला, तर ताई गाडी थांबवून कापलेल्या भातशेतात उतरल्या आणि घेऊन आल्या. असला धड खोका रोज फुकट मिळत नाही म्हणाल्या. मी हसलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

नूतनताई शिगवण किडे खाणारी झाडं वाढवतात आणि कुरिअरने विकतात. नवरा मुंबईला नोकरीत. घरात त्या आणि त्यांचे चुलतसासरे कोंडाजीबाबा. बाबा गावच्या राखणदार देवाला नारळ देतात, गाऱ्हाणं घालतात आणि उरलेल्या वेळात येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारतात. मी उरणचा म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, कंटेनर कुठं उभा केलास? मागच्या शेडमध्ये मला खाट, पंखा आणि खिडकीपाशी रेंज. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेल्या माणसाला अजून काय पाहिजे?

६ नोव्हेंबर

काम शिकतोय. घटपर्णीला दमट हवा लागते. पावसाळाभर ती उघड्यावर मजेत असते. आता सुका वारा सुटला की पानांच्या टोकाला लोंबणाऱ्या सुरया वाळायला लागतात. सुरई म्हणजे झाडाचं पोट. आत आंबट पाणी, काठ बुळबुळीत, वर झाकणासारखं पान. मुंगी घसरली की तीन दिवसांत नुसती टरफलं.

काचेची तयार पेटी महाग, म्हणून ताईंची आपली पद्धत. मासळीचा खोका तीनदा धुऊन उन्हात वाळवायचा. तळाला विटांचे तुकडे आणि दोन बोटं पाणी. त्यावर जाळी, जाळीवर कुंड्या. बांबूच्या कामट्या वाकवून वर घुमट करायचा आणि त्यावर नव्या गाद्यांना येतं ते पारदर्शक प्लास्टिक ताणून चिकटवायचं. पेन्सिल जाईल एवढी चार भोकं हवीतच, नाहीतर बुरशी. पाणी फक्त पिंपात साठवलेलं पावसाचं. बोअरचं पाजलं तर झाड गेलं.

माझी पहिली पेटी वाकडी झाली. ताई म्हणाल्या, राहू दे, झाडाला वाकडं दिसत नाही.

९ नोव्हेंबर

हे लिहायचं नव्हतं. स्वराजचा फोन आला होता, माझा चुलतभाऊ, माझ्याच कॉलेजात आहे. प्राप्ती आणि अल्पेशचा साखरपुडा ठरला. चौदा डिसेंबर.

अल्पेश म्हात्रे माझा रूम पार्टनर. प्राप्तीशी काय बोलू हे मी त्याला विचारायचो आणि तो मला वाक्यं शिकवायचा. चांगली वाक्यं होती. तिला आवडली, पण त्याच्या तोंडून. कॉलेजच्या पार्किंगमध्ये त्याला धुतला तेव्हा त्याच्या शर्टाचा खिसा फाटून माझ्या हातात आला. मला घरी पाठवलं, मी परत गेलोच नाही. तो खिसा अजून पाकिटात आहे. तिचं केसांना लावायचं रबरही आहे. ते तिने दिलेलं नाही, वर्गात बाकावर राहिलं होतं.

१२ नोव्हेंबर

सकाळपासून कोकोपीट, म्हणजे कुंड्यांत घालायचा नारळाच्या काथ्याचा भुसा, धुतोय. त्यात मीठ असतं म्हणे, पाच पाण्यांनी काढावं लागतं. मिठागरवाल्याच्या नातवाला मीठ धुवायला बसवलंय. चौथ्या पाण्याला डोकं सटकलं.

टेकाडावर राखणदाराचा झरा आहे. तिथे वीतवीत जाडीचं हिरवंगार शेवाळ, गोड्या पाण्यातलं, मऊ. पोतंभर ओरबाडून आणलं. कोणाला विचारलं नाही. सगळ्यात मोठी घटपर्णी त्यात लावली आणि तिच्यावर माझी नवी पेटी बसवली, ही सरळ झालीय. तासाभरात प्लास्टिकवर आतून पाणी सुटलं. ताई खूश. शेवाळ कुठलं ते मी बोललो नाही.

१३ नोव्हेंबर

कोंडाजीबाबांनी बघितलं. हातातला कोयता खाली ठेवला आणि टोमणा मारला नाही, तेव्हाच मला कळलं काहीतरी चुकलंय.

म्हणाले, ते राखणदाराचं अंथरूण आहे. अंथरूण जिथे तो तिथे. नारळ घेऊन जा, चुकलो म्हण आणि होतं तिथे ठेवून ये. नाही ठेवलं तर काय, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. तर तो भुकेला बसतो म्हणाले. कोणाचं नाव तोंडानं घेतलं आणि त्या माणसाची वस्तू पुढे ठेवली की त्याला खातो, सावकाश. एका वेळी एकालाच. दुसरं नाव मिळालं तरच पहिल्याला सोडतो. फार मागे बांधाच्या भांडणात कोणी सख्ख्या भावाचं नाव घेतलं होतं. तेव्हापासून गाऱ्हाणं बाबांच्याच घरात आहे, दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही.

उद्या ठेवतो म्हणालो.

१४ नोव्हेंबर

नाही ठेवलं.

दुपारी ताई कुरिअर द्यायला म्हसळ्याला गेल्या, बाबा झोपले होते. खिशाचा एक दोरा उसवून मोठ्या सुरईत टाकला. नारळ फोडला. बाबा म्हणतात तसं म्हणालो, "बा राखणदारा, उरणचा अल्पेश म्हात्रे तुझा." मग माझीच मला लाज वाटली. इंजिनिअरिंगचा पोरगा आणि हे धंदे.

सुरईचं झाकण खाली आलं. वाऱ्याने असेल म्हणालो. पेटीत वारा नसतो.

२० नोव्हेंबर

स्वराजचा फोन. अल्पेशची बोटं दिवसभर पाण्यात भिजल्यासारखी पांढरी पडलीत, सुरकुतलीत. डॉक्टर म्हणाले बुरशी, मलम दिलं.

मी संध्याकाळी भजी आणली सगळ्यांना. ताईंनी विचारलं काय विशेष. म्हटलं, झाडाला नवीन सुरई आलीय. खरंच आलीय, माझ्या मनगटाएवढी.

२५ नोव्हेंबर

अल्पेशची नखं गेली. दुखत नाही म्हणतो, नुसती सुटून येतात. घासही भरवावा लागतो.

कोण भरवतं ते स्वराजने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. अर्धा खिसा घातला एकदम.

रागाच्या भरात स्वराजला व्हॉइस मेसेज केला. मी केलंय म्हटलं, साखरपुड्याला अंगठी कुठल्या बोटात घालणार विचार त्याला. त्याने ऐकला. 

१ डिसेंबर

प्राप्ती आली होती. इथे. माझ्याकडे.

एकटी, एसटीने. चेहरा उतरलेला. स्वराजने माझा मेसेज ऐकवला असणार, वाटलं शिव्या देईल. खाटेवर बसली आणि म्हणाली, "छान राहतोस इथे. मला सगळं सांग ना, पहिल्यापासून." तीन वर्षांत ती माझ्याशी इतकं सलग बोलली नव्हती. मी सगळं सांगितलं. खोके कसे धुतो, भोकं किती, शेवाळ कुठलं, वस्तू कुठे टाकायची, नाव कसं घ्यायचं. ती मध्येमध्ये पुन्हा विचारत होती, अभ्यास करताना विचारायची तसंच. माझ्या खांद्यावरचा एक केस तिने दोन बोटांनी उचलला. मी श्वास धरून बसलो.

मग म्हणाली चहा मिळेल का. ताईंकडून आणायला गेलो. दहा मिनिटं, जास्त नाही. आलो तर ती पेटीपाशी उभी होती, प्लास्टिकवर हात ठेवून. चहा पूर्ण प्यायली. हसली सुद्धा जाताना. बाबा ओट्यावरून तिच्याकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे.

खिशाचा उरलेला तुकडा उशाशी होता, सापडत नाही. नेला असेल. नेऊ दे.

२ डिसेंबर

तिचा मेसेज. "अल्पेशच्या बोटांवर नवी कातडी धरतेय. सुरईत तुझा केस आहे. तुझं नाव मी तीनदा घेतलं. एकदा त्याच्या हातांसाठी, दोनदा माझ्यासाठी."

आंघोळ करून बराच वेळ झाला. बोटं अजून भिजल्यासारखी आहेत.

३ डिसेंबर

केस काढायला सुरई चिरली. आत केस नव्हता. चीर संध्याकाळपर्यंत भरून आली.

पेटी उचलून झऱ्यावर न्यायला गेलो. शेवाळ खोक्यातून खाली उतरून जमिनीत गेलंय, उपटत नाही. बाबांच्या पायावर डोकं ठेवलं, तुम्ही गाऱ्हाणं घाला म्हटलं. ते रडत होते. म्हणाले, "आता तो जेवतोय, पोरा. जेवत्याला उठवत न्हाईत."

ताई माणगावच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. बुरशी म्हणाले. मलम.

४ डिसेंबर

दोन नखं वहीत राहिली. दुखत नाही, खरंच.

एकच वाट आहे. दुसरं नाव. बाबांचं उपरणं दोरीवर वाळतंय, ताईंची ओढणी — नाही. तसलं मी करणार नाही. ज्याच्यावर राग त्याच्यावरच. अल्पेशचं माझ्याकडे काही उरलं नाही.

तिचं रबर आहे.

५ डिसेंबर

ताई कालपासून भरवतात. आमटीभात. त्यांच्या हाताकडे बघवत नाही.

तीनदा नाव घेतलं तिने. दोनदा स्वतःसाठी. मी तिचं कधी काय वाईट — केलं. केलंच की. पण माझं तिच्यावर — आणि ती चहा पिऊन गेली, हसून —

घेतो नाव. मीही घेतो. तीनदा.

६ डिसेंबर

दुपार. ताई भात वाढायला आत. रबर सुरईत टाकलं. नारळ बाबांच्या फडताळातला. उभा राहिलो. बा राखणदारा म्हणालो — म्हणायला गेलो —

जीभ दातांना लागत नाही. मऊ. सकाळी आमटी गरम लागली नाही तेव्हाच कळायला —

नुसता आवाज येतो. तिचं नाव होत नाही.

कागदावर लिहून पेटीला लावलं. प्राप्ती प्राप्ती प्राप्ती. झाकण हललं नाही. त्याला वाचता —

बाबा दारात. मान हलवतात. नाही म्हणतात.

आता राग नाही. कुठे गेला माहीत नाही. रबर आत आहे अजून. उद्या कोणीतरी इथे चुकून तिचं नाव बोललं तर — स्वराज आला, ताई बोलल्या — तर ती —

काढतो. उजवा हात आत घातलाय, डाव्याने लिहितोय. पाणी कोमट आहे. खोल आहे, वाटलं त्यापेक्षा — कोपरापर्यंत. रबर लागलं. बोटांना धरता येत नाही, बोटं — पुन्हा. लागलं. धरलं. वर घेतोय, हात येत ना