चोरलेली कोयनेल

३ जुलै
गेलं. अख्खं कुंपण गेलं! चहा ठेवून बाहेर आले, तर गटारीच्या ठेकेदाराचा जेसीबी आमची कोयनेल मुळासकट ट्रॉलीत टाकतोय. ह्यांना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी लागली त्या वर्षी ह्यांनी लावलेली.
संतोष म्हणतो, बरं झालं आई, पत्रे ठोकू. पोटचा पोरगा! दसऱ्यापर्यंत मुदत मागितली. कोयनेलीच्या नव्या काड्या लावीन; जगल्या तर कुंपण, नाहीतर पत्रे.

४ जुलै
मी बोलते, मोबाइल लिहितो. शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळे वाचता काही येत नाही. माझी गुपितं माझ्यापासूनही लपलेली.

५ जुलै
काडी आणू कुठून? गल्लीत कोयनेल उरली ती समोरच्या वत्सलाबाईकडे. ती कोयनेलही आमच्याच कुंपणाची लेक — नवी नवरी असताना वत्सलाबाईनं माझ्या डोळ्यांदेखत काडी मोडून नेलेली. पण तीन वर्षं बोलणं बंद. तिच्या अमितच्या लग्नात सगळ्या गल्लीला आहेराची साडी, मला नाही. विसरले म्हणे!
असू दे. मागून आणलेली काडी लागत नाही, चोरलेलीच लागते. शेंबडं पोरही सांगेल.

६ जुलै
दुपारी गल्ली झोपली. पदराखाली विळा घेऊन गेले आणि जागीच थिजले. तिच्या फाटकाजवळ कट्ट्यावर काड्यांची जुडी! पेन्सिलीएवढ्या जाड, खालून तिरक्या कापलेल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. खिडकीचा पडदा हलला.
आता काय करावं? चोरासारखं तोंड केलं, इकडेतिकडे बघितलं, जुडी उचलली आणि पळाले. हे गुडघे पळू देतात तेवढं.

७ जुलै
दुधाच्या पिशव्यांत वाळू, शेणखत, काड्या. पडवीच्या सावलीत मांडल्या. संतोष येता-जाता काडी हलवून बघतो. हात तोडीन म्हटलं.

२८ जुलै
सगळी पानं गळाली. काड्या पिवळ्या. संतोष पत्र्यांचा भाव काढून आला.
चूक कळली. ठेवलेलं उचललं, ती चोरी कसली? ती तर दिलेलीच. कशी लागणार!

५ ऑगस्ट
फुटली! नखाएवढं हिरवं. मी बघतच राहिले. दिलेली काडी — आणि लागली?
वत्सलाबाई तिच्या ओट्यावर होती. मी पिशवी उन्हात धरली, मुद्दाम तिच्या बाजूला तोंड करून. ती उठून आत गेली. पण सावकाश गेली.

१८ सप्टेंबर
संतोष पत्र्यांचं नाव काढत नाही. पण आज वेगळंच सांगितलं. वत्सलाबाईचं घर विकलं. रविवारी अमित तिला पुण्याला नेणार. नवे मालक कोयनेल काढून भिंत घालणार.
हातातला तांब्या खाली ठेवला. म्हटलं, मला सांगितलं नाही तिनं?
"आई, तू बोलतेस कुठं तिच्याशी?"

२१ सप्टेंबर
आज रविवार. दुपारी पडवीत पडले होते. समोरून वत्सलाबाईची अनवाणी पावलं आली. सगळ्यात दणकट पिशवी उचलली, पदराखाली घेतली. मी अर्धे डोळे मिटून घोरत होते.
बोलले असते, तर ती दिलेली झाली असती.