‘डावीकडे वळा, बाबा’ या सिनेमातलं माझं वाक्य

मी, आर्डिस नोरीन हॉकन्सन, कै. ऑर्विल हॉकन्सन यांची पत्नी, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार हार्लो, साउथ डकोटा, धंदा पूर्वी भाड्याने व्हिडिओ कॅसेट देण्याचा, सध्या आराम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः नणंदेवर चिडून केलेलं.

कलम १. राहतं घर माझी मुलगी कार्ला हिला. बर्फ वितळू लागलं की तळघरात पाणी येतं, हे घर विकताना तिने आधी सांगावं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

कलम २. बँकेतली शिल्लक निम्मी कार्लाला, निम्मी लूथरन चर्चच्या स्वयंपाकघराला. अट एकच, कॉफी दाट करावी. आजवर आपण सगळे गढूळ गरम पाणी पीत आलो आणि कोणी ब्र काढला नाही.

कलम ३. हॉटडिश, म्हणजे चर्चच्या जेवणातला बटाटे-मांसाचा तो पदार्थ, भाजायचं माझं मोठं पॅन नणंद लव्हॉन हिच्याकडे अडकलं आहे. ‘कुठलं पॅन?’ असं ती विचारेल. कार्लाने ते पालथं करून दाखवावं. खाली चिकटपट्टीवर माझं नाव आहे.

कलम ४. आता टेपचं. ‘डावीकडे वळा, बाबा’ हा सिनेमा आमच्या गावच्या खाणावळीत थोडासा चित्रित झाला. गाडीमागे पियानो बांधून आजीकडे निघालेलं कुटुंब, एवढीच गोष्ट. सिनेमा धड वाईटही नाही नि धड चांगलाही नाही. बाकीच्या गावकऱ्यांना घरी पाठवल्यावर दिग्दर्शकाने मला थांबवलं, अंगात वाढपिणीचा एप्रन चढवला आणि एक वाक्य दिलं. रस्ता चुकलेला बाप विचारतो, पुढे काय आहे? मी म्हणते, “पुढे काही नाही. पण जाऊन बघा, माझ्यावर विश्वास कशाला ठेवता?” आयुष्यात एकदा मिळालेलं ते वाक्य मी गावभर सांगितलं. माणसाने एवढं सांगू नये.

सिनेमा लागला तेव्हा चर्चची बस भरून आम्ही शहरात गेलो. माझा प्रसंगच कापलेला होता. बाहेर पडताना सगळ्यांसमोर लव्हॉन म्हणाली, “काय गं आर्डिस, नक्की ह्याच सिनेमात होतीस ना? की आम्हीच चुकीच्या थिएटरात आलो?” त्यानंतर चर्चच्या प्रत्येक जेवणात मी ‘आमची नटी’ झाले. तेही सोसलं असतं. पण कार्ला शाळेतून रडत आली आणि म्हणाली, “आई, खरं सांग, तू बोललीस ना? सगळ्या म्हणतात तू थापा मारतेस.” मी हो म्हटलं. ती बरं म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. ते मला फार लागलं.

पुढे सिनेमाच्या टेपा दुकानात आल्या. मी त्यांचं तोंड पाहणार नव्हते. भाड्याने मात्र देत होते, धंदा तो धंदा. गावातल्या बहुतेक घरांनी टेप नेली आणि नीट रिवाइंड करून परत आणली. कारण दुकानात माझ्याच अक्षरात पाटी होती : ‘टेप रिवाइंड करून आणा, नाहीतर दंड भरा.’ आमचं गाव शिस्तीचं. पडद्यावर नावं सुरू झाली की लोक उठून बटण दाबत.

गावात एकच माणूस आळशी, लव्हॉनचा नवरा मर्ल. रविवारी जेवून खुर्चीत आडवा झाला, लव्हॉन बायकांच्या बैठकीला गेलेली, टेप चालूच राहिली. सोमवारी तो दुकानात आला. टेप त्याने छातीशी धरली होती.

“रिवाइंड केलेली नाही,” तो म्हणाला.

“मग दंड काढ.”

“दंड घे, पण बटणाला हात लावू नकोस. नावांपाशी आणून ठेवलीय, आधी लाव ती. नावं संपल्यावर कापलेले तुकडे जोडलेत. माझी झोप तुझ्या आवाजाने मोडली, आर्डिस! मला वाटलं तू घरात शिरलीस.”

कार्ला शाळेतून येईपर्यंत मी ती लावली नाही. मग काउंटरवरच्या टीव्हीवर आम्ही तिघांनी पाहिलं. मी जाड दिसते. वाक्य मात्र स्पष्ट आहे. कार्ला माझ्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. अंगावरून धोंडा उतरावा तसं मला झालं आणि ते सुख अजून पुरतं आहे. ती टेप कार्लाची.

कलम ५. मर्लला ऑर्विलची मासे धरायची सगळी सामग्री द्यायची होती. वकील म्हणाला, साक्षीदाराच्या नवऱ्याला मृत्युपत्रातून काही देणं बरं दिसत नाही, पुढे वाद होतात. म्हणून ती मी परवाच त्याच्या हातात दिली.

कलम ६. कारण साक्षीदार लव्हॉन आहे. तिने तो तुकडा आजवर पाहिलेला नाही. “मर्लला स्वप्न पडलं असेल,” म्हणाली होती, “आणि तुम्ही तिघे एका माळेचे मणी.” तर सहीपूर्वी तिने तो पाहावा आणि काय पाहिलं ते स्वतःच्या हाताने लिहावं. वकील म्हणतो, कायद्याला याची गरज नाही. कायद्याला नसेल, मला आहे.

वरील मजकूर मी वाचला, पटला, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

आर्डिस एन. हॉकन्सन
हार्लो, साउथ डकोटा, ९ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार १ : डोरिन श्राडर, शेजारीण. आर्डिसने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : लव्हॉन टॉफ्ट. आर्डिसने माझ्यासमोर सही केली. टेप पाहिली. ती बोलली आहे. मी हे आज पहिल्यांदा पाहत नाही. मर्लने सांगितलं त्याच आठवड्यात दुसऱ्या गावच्या दुकानातून आणून मी एकटीने पाहिली होती, तीनदा. तू फार छान दिसत होतीस, आर्डिस. तेच मला सांगवेना.