चारही चाकं ओढणारी गाडी

४ जानेवारी, सकाळ
आज आले ते: मोटारींची माहितीपत्रकं, तीन कंपन्यांची, फुकट. मोजायची टेप, पाच मीटर, ४०. ही वही, दोनशे पानी, ३५. सूनबाईचा सोनोग्राफीचा कागद, सातव्या महिन्यातला, पहिलाच, ९००. त्यात एकाऐवजी दोन निघाली.
नऊशेत दोन, म्हणजे एकाला साडेचारशे. देवाची कृपा.
घरात हे, मी, मुलगा, सूनबाई, चार वर्षांची नात बुटकी, आणि आता येणारी दोघं. एकूण सात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की जुळी आहेत, मार्च उजाडेपर्यंत थांबतील असं समजू नका, दुखायला लागलं की अर्ध्या तासात दवाखान्यात हजर व्हा. आमचं घर चढावर सगळ्यात वर. शेवटचा एक किलोमीटर कच्चा. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. सासूबाईंच्या वेळी अ‍ॅम्ब्युलन्स खालच्या वळणावरच थांबली होती. तो विषय नको.
म्हणून फोर व्हील ड्राइव्ह गाडी घ्यायची. चारही चाकं ओढतात ती. निवडीचं काम माझ्याकडे दिलं. दिलं म्हणजे मी घेतलं. मुलाला व्यवहार कळत नाही आणि ह्यांना काही विचारलं की पेपर आणखी वर जातो.
संकल्प: घाई नाही. भुलायचं नाही. सुरक्षितता आधी, किंमत नंतर.

९ जानेवारी
शोरूम. एसी फार. टायवाला पोरगा अर्धा तास एअरबॅगबद्दल बोलला. सहा आहेत म्हणाला. मी विचारलं, आम्ही सात, मग सातव्याने काय करायचं? त्याने मॅनेजरला बोलावलं. मुलगा उठून बाहेर जाऊन उभा राहिला.
किंमत अठरा लाख. चाकं चारच.
सुरक्षितता आणि किंमत यांचा एकत्र विचार करावा, असं आता वाटतं.

१४ जानेवारी
जुन्या गाड्यांचा दलाल. माणूस बोलायला गोड, मला ताई म्हणाला. त्याच्याकडे तीन होत्या. पांढरी नऊ लाख, करडी साडेसात, निळी सव्वाचार. निळीचा रंग अगदी ताजा. इतकी स्वस्त कशी, विचारलं. म्हणाला, मालकांना आता गाडी नको आहे. का नको? तर म्हणाला, ताई, माणसाला एखादी वस्तू नकोशी होते. मग चहा मागवला. स्वतः प्याला नाही.
सूनबाई म्हणाली, आई, आधी मेकॅनिकला दाखवू या का? मी म्हटलं, मेकॅनिकच्या वरचा एक बसला आहे, त्याला विचारू.

१५ जानेवारी
देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. तीन गाड्या, तीन चिठ्ठ्या. पांढरी आपल्याला झेपणारच नाही, मग तिच्यासाठी देवाला तसदी कशाला? कागद वाया जाऊ नये म्हणून त्या चिठ्ठीवरही निळी लिहिलं. बुटकीने डोळे मिटून उचलली. निळी.
करडी निघाली असती तर ती घेतली असती. मी काही मनात धरून नव्हते.

१८ जानेवारी
गाडी आली. ४,२५,०००. लिंबू वगैरे प्रकार माझ्या घरात चालत नाहीत, नुसते हात जोडले. दलाल किल्ली देऊन चालतच गेला. चढ उतरताना वळून पाहिलं नाही. बिचाऱ्याला घाई असेल.
मागचं डावं दार आतून उघडत नाही. दलालाने आधीच सांगितलं होतं की मुलांसाठी ते चांगलं. खरंच आहे.

२० जानेवारी
गाडी आतून साफ केली. मागच्या सीटखाली काचेचे बारीक तुकडे निघाले, अर्धी वाटी. सीटवर एक मोठा डाग, तपकिरी. धुण्याची पावडर, सोडा, पुन्हा पावडर. गेला नाही, पसरला. वरून चादर शिवून घातली, जुनी होती.
मागच्या डाव्या सीटचा बेल्ट मधोमध दोन तुकडे झालेला. तुटलेला नव्हे. कापलेला, सरळ, कात्रीने कापावा तसा. दलालाला फोन केला. म्हणाला, उंदीर. उंदीर इतकं सरळ कुरतडतो हे मला माहीत नव्हतं. मुलगा म्हणाला, आई, अ‍ॅक्सिडेंटमध्ये आत अडकलेल्या माणसाला काढायला बेल्ट असा कापतात. मी म्हटलं, बरं झालं ना मग, काढला म्हणजे वाचला.
नवा बेल्ट साडेसहा हजार. मी मशीनवर शिवला. दुहेरी दोरा, चार उभ्या ओळी, मध्ये फुली. बुटकीच्या दप्तराचा पट्टा असाच शिवला आहे, अजून टिकून आहे. साडेसहा हजार वाचले.

२५ जानेवारी
चढाच्या पायथ्याशी गॅरेज आहे, तिथे ऑइल बदलायला नेली. मुलगा मला आणि गाडीला तिथे सोडून कामावर गेला, संध्याकाळी वर नेणार. गॅरेजवाले गाडीखाली गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. आले तेव्हा फडक्याने हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. विचारलं, यात कोण बसणार? मी म्हटलं, घरचेच. म्हणाले, सगळे? म्हटलं, सगळे, आणि अजून दोन येणार आहेत.
मग म्हणाले, बाई, हिला पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडाच नाही. समोरून जबर मार बसलेली गाडी आहे, तेव्हा तो मोडला असेल, नंतर कुणी बसवलाच नाही. फोर व्हीलचा लिव्हर हलतो, पण तो कशालाच जोडलेला नाही. नुसती मागची दोन चाकं ओढतात. हिला चढावर नेऊ नका. आत्तापर्यंत चढली ती कोरडा रस्ता आहे म्हणून. चिखल झाला की संपलं.
दांडा, त्याचं सगळं सामान, मजुरी: ऐंशी हजार.
ऐंशी हजारांत दोन बारशी, दोन पाळणे आणि वर्षाचं दूध होतं. विचार केला. दांडा नाही म्हणजे वजन कमी, म्हणजे पेट्रोल कमी. उधळपट्टी नको. पुढच्या वर्षी हप्त्याहप्त्याने करू. देवाने निवडलेली गाडी आहे, तो बघून घेईल.
घरी सांगितलं नाही. सूनबाईला या दिवसांत काळजी बरी नव्हे. गॅरेजवाल्यांनाही बोलू नका म्हटलं. त्यांनी ऑइलचे पैसे घेतले नाहीत. भला माणूस.

३ फेब्रुवारी
सूनबाईचे पाय सुजतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कधीही. तिने मला सरळ विचारलं, आई, गाडी चढते ना? मी म्हटलं, चढते. दोनदा चढली आहेच, १८ला आणि २५ला. खोटं बोलले नाही.
जप वाढवला. रोज एक माळ जास्त.

१० फेब्रुवारी
पाण्याची टाकी फुटून दोन दिवस रस्ता ओला. दुसऱ्या वळणावर चिखल. सूनबाई म्हणाली, मी बसायच्या आधी रिकाम्या गाडीची ट्रायल घेऊन दाखवा. गाडीवर अविश्वास बरा नाही, पण दाखवू. बुटकीने हट्ट धरला. नेऊ तिलाही. म्हणजे सूनबाईची भीती जाईल.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
मुलगा चालवत होता. मी पुढे. बुटकी मागे डावीकडे, बेल्ट लावून. उतरताना सगळं ठीक. वर येताना दुसऱ्या वळणावर मागची चाकं नुसती फिरायला लागली. मुलाने लिव्हर ओढला. म्हणाला, आई, फोर व्हील लागत नाहीये. मी म्हटलं, जोरात ओढ.
जोरात ओढ म्हटलं मी.
गाडी मागे घसरली. मी देवाचं नाव घेत होते. बुटकी आधी हसत होती, तिला खेळ वाटला. कडेच्या दगडावर आपटून थांबलो. मागचं एक चाक हवेत. माझी शिलाई उसवली होती आणि बुटकी दोन सीटच्या मध्ये खाली पडली होती. मागचं दार आतून उघडेना. मुलाने तिला पुढून ओढून काढलं. डावा हात कोपरापाशी मोडला आहे. हनुवटी फुटली आहे. रडली नाही. तेच वाईट वाटलं.
सूनबाई वर दारात उभी राहून बघत होती. पोटाला दोन्ही हात लावून.
गॅरेजवाले साखळी घेऊन आले. सगळ्यांसमोर म्हणाले, मी बाईंना सांगितलं होतं. सूनबाईने विचारलं, कधी? त्यांनी तारीख सांगितली. सूनबाईने बोटांवर मोजलं. सतरा दिवस, म्हणाली. मी मनात मोजून बघितलं. बरोबर होतं.

१२ फेब्रुवारी
देव परीक्षा बघतो. जीव वाचले, हे कुणी लक्षात घेत नाही.
ह्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, ऐंशी हजार माझ्याकडे होते. विचारलं असतंस तर दिले असते. एवढं बोलून पेपर पुन्हा वर.
कुठून होते, हे विचारायचं राहिलं.

१३ फेब्रुवारी
मुलगा आणि सूनबाई दवाखान्याजवळ तिच्या बहिणीकडे राहायला गेले. बुटकीलाही नेलं. खालच्या पहिल्या वळणापर्यंत सूनबाई चालत गेली, तिथे टॅक्सी उभी होती. मी म्हटलं, आठ दिवस हवापालट होईल. मुलगा म्हणाला, आई, फोन करू नकोस, आम्हीच करू. बरोबर आहे, तिला झोप हवी.

२४ फेब्रुवारी
फोन नाही. कामात असतील. दोन पाळण्यांची दोरी विणून ठेवली, जुन्या सुताची.
गाडी अंगणात उभी आहे. बाहेर आलं की तिच्याकडे बघावं लागतं. बघत नाही.

२ मार्च
हे म्हणाले, जाऊन बघून येतो, दोन दिवसांत परत. एक जादा शर्ट घेतला, मग परत येऊन आणखी तीन घेतले.

९ मार्च
आज पाव लिटर दूध घेतलं. तेही उरलं.
गॅरेजवाले गाडी भंगारात घालायची का विचारायला वर आले होते. जाताना म्हणाले, गेल्या आठवड्यात तुमचा मुलगा दवाखान्याच्या पायरीवर बसलेला दिसला, एकटाच. मी विचारलं, झालं का? म्हणाले, झालं असावं. दोन्ही सुखरूप ना? त्यावर ते गाडीच्या चाकाकडे बघायला लागले. म्हणाले, मी आत गेलो नव्हतो, बाई.
देवापुढे बसले. काय मागायचं ते सुचेना.

१० मार्च
आज पत्र टाकलं. इथे नक्कल:

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.
इकडे सर्व ठीक. (खोडलं.) गाडी देवाने निवडली होती, त्यामुळे (खोडलं.) चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. तीनपैकी दोनांवर एकच नाव होतं. २५ तारखेपासून मला सगळं माहीत होतं.
बुटकीचा हात जुळला का? तुला ताकद आली का? ह्यांना म्हणावं, यायची घाई नाही.
तू परत ये असं मी म्हणत नाही. मुलगे झाले की मुली, तेही विचारत नाही. गॅरेजवाले काही सांगेनात आणि फोन करायचा नाही असं ठरलं आहे. सोबत तिकीट लावलेलं, पत्ता घातलेलं कार्ड ठेवलं आहे. मला काही लिहावंसं तुला वाटणार नाही, ते मी समजू शकते. नुसता आकडा लिही. एक असला तर एक, दोन असले तर दोन. पण उलट टपाली लिही.