ध्वनिक्षेपक परत घ्या, शिक्षिका ठेवा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : समान वाटपात आलेला ध्वनिक्षेपक परत करणे व खुणांच्या भाषेच्या शिक्षिकेचे पद कायम ठेवणेबाबत.
संदर्भ : पद रद्द केल्याचे आपल्या कार्यालयाचे पत्र, त्यानंतरचे आमचे अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

१. आसपासच्या शाळा ज्यांना दारात उभे करत नाहीत, ती ऐकू न येणारी मुले आमच्या शाळेत येतात. त्यांच्यासाठी एकच शिक्षिका आहे. 'इतर शाळांना असे पद नाही, सबब अन्यायकारक' या कारणाने आपण ते रद्द केले. त्याच आठवड्यात सर्व शाळांना समान न्यायाने एकेक ध्वनिक्षेपक मिळाला. आमच्या या मुलांच्या वर्गालाही मिळाला.

२. चूक झाली असेल, असे समजून मी कार्यालयात आले. आपले लिपिक म्हणाले, "बाई, एका शाळेला जास्त दिलं की बाकीच्या आमच्या डोक्यावर बसतात. सगळ्यांना सारखंच." शेजारच्या शाळेत पोहण्याचा तलाव आहे, हे मी निदर्शनास आणले. "तो त्यांच्या पालकांनी बांधून दिला," असे उत्तर मिळाले. आमचे पालकही बांधकामच करतात, महोदय. दुसऱ्यांचे.

३. नंतर तपासनीस आले. यंत्र वापरात आहे ना, हे पाहण्यासाठी त्यांनी त्यावरून वर्गाला सूचना दिल्या आणि शेरा लिहिला : 'मुले सूचना पाळत नाहीत. शिस्त कमी.' तो वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून उतरलेली नाही.

४. पहिलीत एक मुलगी आहे. सारखी वळून वळून पाहते, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. पूर्वी काही दुखले की ती भिंतीवर डोके आपटायची. काय दुखते हे घरात कोणालाच कळत नसे. परवा तिने पहिल्यांदा आईला हातांनी सांगितले, दात दुखतो. आई शाळेत येऊन ढसाढसा रडली. भिंगरीला अजून थोड्याच खुणा येतात आणि शिकवणाऱ्या बाई महिनाअखेरीस जाणार आहेत.

५. सबब, यंत्र पेटीसह परत करीत आहे. पद ठेवायचे नसेल, तर आपण स्वतः वर्गात यावे आणि बाई का जाणार, हे भिंगरीला समजावून सांगावे. येताना यंत्र आणावे. आवाज हवा तेवढा वाढवता येतो.

उत्तराची वाट पाहून संतापलेली, तरीही आपली नम्र,
(सही)
मुख्याध्यापिका

दिनांक : बाईंच्या शेवटच्या आठवड्यातला सोमवार
सोबत : ध्वनिक्षेपक, चालू स्थितीत