खालच्या आळीतला झरा

आयत अझ्रू, १२ मे १९८७

चि. सौ. जुहर हिस ताऊसताईचे अ. उ. आ.

तुझ्या मुलाचं, मझियानचं लग्न इथे आमच्याच घरी करायचं ठरवलंस हे वाचून मी आळीभर सुके अंजीर वाटले. पण समुद्रापलीकडच्या मार्सेयची सून लग्नानंतर सातव्या दिवशी झऱ्यावर पहिली घागर भरायला जाईल, तेव्हा झरा असेल का, ठाऊक नाही. घरोघरी नळ आले, म्हणून आता झरा बुजवून तिथून गाडीरस्ता काढायचं पुरुषांनी जमातीत, म्हणजे गावाच्या बैठकीत, ठरवलंय. जमातीचे प्रमुख कोण, तर आमचे हे! झरा शेवटचा कधी पाहिलात, असं मी विचारलं. म्हणाले, बायकांच्या जागी मिसरूड फुटल्यापासून पाऊल टाकलेलं नाही. न पाहताच बुजवायला निघालेत. वीतभर तोंडाचा झरा, पण आपल्या आजीच्या आठवणीतही कधी आटला नव्हता.

तुझी,
ताऊसताई

मार्सेय, २ जून १९८७

ती. ताऊसताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसले. इथलं पाणी इतकी वर्षं पितेय, पण तहान तिथेच राहिली. होणारी सून, मलहा, तिला मी त्या पाण्याच्याच गोष्टी सांगितल्यात. घागर पाठीवर घ्यायचा सराव करते, दोन फुटल्या.

तू हातपाय गाळून काय बसलीस? झऱ्यावर बाई असली की पुरुष पायवाटेवरूनच खोकतो, आणि खालून ‘या’ आलं नाही तर मुकाट परततो. मग झरा मोकळा ठेवूच नका. दाजींना नमस्कार, आणि खोकल्यावर मध घ्या म्हणावं.

तुझ्या मायेची भुकेली,
जुहर

आयत अझ्रू, ५ जुलै १९८७

चि. सौ. जुहर हिस अ. उ. आ.

पोरी, तू लबाडच. पाळ्या लावून आम्ही धुतलेलेच गालिचे पुन्हा धुतोय. कामगार खोकून खोकून परत जातात. ह्यांना राग आलाय, पण रीत कशी मोडणार? म्हणतात, सुनेचा सातवा दिवस होऊ दे, दुसऱ्याच दिवशी बुजवतो. मला धास्ती वाटते. ये लवकर.

ताऊसताई

आयत अझ्रू, ३० ऑगस्ट १९८७

चि. सौ. जुहर हिस अ. उ. आ.

कामासाठी तू लग्नानंतर पाचव्याच दिवशी मार्सेयला परतलीस, म्हणून सातव्या दिवसाचं लिहिते. मलहाने घागर भरली, अर्धी पायवाटेवर सांडली. रीतीप्रमाणे पहिला पेला घरातल्या थोरल्यांना, म्हणजे ह्यांना दिला. हे प्यायले. मग हळूच मला म्हणाले, अजून अंजिराच्या मुळाखालूनच येतं का गं? आई मला तिथे न्यायची. मी म्हटलं, तिथूनच येतं.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर मी एकटीच होते. वरून ओळखीचा खोकला आला. बुजवायलाच आले असतील असं वाटलं, तरी मी ‘या’ म्हटलं. हे चपला काढून उतरले, सोबत कामगार नव्हते. उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, एवढासाच आहे होय हा, आणि आम्ही सगळं गाव ह्याच्यावर वाढलो.

रस्ता आता आमच्या ऑलिव्हच्या बागेतून जाणार आहे. जमातीत ह्यांनी स्वतःच सांगितलं. चार झाडं जातील. झऱ्यावरून परतताना ह्यांनी घागर माझ्या पाठीवरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. वाटेत बायका तोंडाला पदर लावून हसल्या, तरी खाली ठेवली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन ये. पाणी वाट पाहतंय, आणि मीही.

ताऊसताई